“काकू, कुठल्या हाताने धरता?”

प्रिय ताई,

तुमचं नाव घालू का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा “अगं, बुकिंगच तर केलं मी, त्यात काय एवढं” म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून नाव घालत नाही. पत्र मात्र उघडच लिहिते आहे. तुम्ही बुक करून दिलेल्या सहलीच्या जहाजावरून उतरून तीन आठवडे झाले, तरी तुमचा विषय निघाला की माझा आवाज बसतो. समोर बसून हे सगळं मला बोलता आलं नसतं.

बुकिंग याआधीही एकांनी करून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, फ्लोरिडाहून निघणाऱ्या जहाजाचं. आईला लहानपणी पोलिओ झालेला, ती आता बॅटरीच्या स्कूटरवर फिरते, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “केबिन ॲक्सेसिबल आहे, काळजी करू नका,” एवढंच उत्तर मिळालं आणि आम्ही खरंच काळजी केली नाही. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या प्रकारच्या खोल्या विकल्या जातात, हे तेव्हा कुठे माहीत होतं? एक खोली चाकांवरून थेट आत जाता येईल अशी. दुसरी, काठीच्या आधाराने चार पावलं टाकू शकणाऱ्यांसाठी. तिच्यात न्हाणीघरात आधाराच्या दांड्या असतात, पण दार नेहमीसारखंच अरुंद. आम्हाला ही दुसरी मिळाली. दार २३ इंच, स्कूटर साडेबावीस. सरळ रेषेत एखादे वेळी शिरलीही असती, पण त्या चिंचोळ्या कॉरिडॉरमधून काटकोनात वळवून आत घेणं शक्यच नव्हतं. बाहेर ठेवायलाही परवानगी नाही, आग लागली तर लोकांची वाट अडते. तो नियम बरोबरच आहे.

मग सात दिवस रोज रात्री दादा दाराशी बसून स्कूटर सोडवायचा. सीट, बास्केट, बॅटरी, पुढचा भाग, मागचा भाग. पाच तुकडे आत न्यायचे, सकाळी पुन्हा जोडायचे. तोवर आई कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना हसून “गुड इव्हिनिंग” म्हणत. तिसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणं कमी केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही जा रे फिरायला, मला खोलीतच बरं वाटतं.” ग्रँड केमन बेटाला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकून उभी राहतात आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. आमच्या जहाजाने स्कूटर बोटीत घेतली नाही. आईला वर ठेवून आम्ही सगळे खाली उतरलो. त्या दिवसाचा एकही फोटो मी आजवर उघडलेला नाही.

परत आल्यावर तक्रार केली, तर “अशा लोकांना घेऊन जायचं म्हणजे थोडं ॲडजस्ट करावं लागतं” असं ऐकवलं गेलं. अशा लोकांना! एकतीस वर्षं पायाला आधाराचं कॅलिपर बांधून शाळेचे दोन मजले चढून मराठी शिकवलेल्या बाईबद्दल हे बोललं गेलं. मी तेव्हा काहीच बोलले नाही, त्याची खंत अजून आहे.

म्हणून आईच्या पंच्याहत्तरीला नाशिकहून मावशी येणार ठरलं आणि वहिनीने पुन्हा जहाजाचा विषय काढला, तेव्हा मी नको म्हणत होते. गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी तुमचा नंबर दिला. फोन केला तेव्हा मी मापांची यादीच हातात घेऊन बसले होते: स्कूटरची लांबी, रुंदी, वजन, बॅटरी. तुम्ही सगळं लिहून घेतलंत आणि म्हणालात, “आता काकूंना द्या फोन.”

दोन वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे आईबद्दल बोलायचे ते माझ्याशी. त्या चालू शकतात का? किती पावलं? एकट्या राहू शकतात का? आणि मीही तिला न विचारता उत्तरं देत होते. फोन स्पीकरवर होता. तुम्ही विचारलंत, “काकू, कमोडवर बसताना-उठताना कुठल्या हाताने धरता?”

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “उजव्या. डावा खांदा गेलाय माझा. वर्ष होऊन गेलं.”

ताई, आम्हाला माहीत नव्हतं. एका घरात राहतो, रोज तिला उठवतो, बसवतो, आणि तिचा डावा खांदा गेलाय हे आम्ही एका अनोळखी बाईच्या प्रश्नातून ऐकलं. आयुष्यभर कुबडीचा भार त्याच खांद्यावर होता, तो झिजणारच. तिने सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्हाला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. तुम्हाला मात्र तिने सरळ सांगितलं, कारण तुमच्या आवाजात कीव नव्हती. शिंपी माप घेताना विचारतो, तसा तो प्रश्न होता.

पुढे तुम्ही जे केलंत ते दादाला आधी पटलं नव्हतं, तेही लिहिते. आम्ही नऊ जण, चार खोल्या, सगळ्या एका रांगेत मिळाल्या होत्या. आईची खोली हवी तशीच होती: दार ३२ इंच, न्हाणीघराला उंबरा नाही, पलंगाच्या बाजूने स्कूटर वळेल एवढी जागा. तरी दोन दिवसांनी तुमचा फोन आला की बदलू या. त्या खोलीत भिंतीतली पक्की दांडी कमोडवर बसल्यावर डाव्या हाताला येत होती. जहाजाच्या दुसऱ्या अंगाच्या खोलीची मांडणी आरशातल्यासारखी उलटी, तिथे दांडी उजवीकडे. तुम्ही तिथल्या लोकांकडून फोटो मागवून खात्री करून घेतली होती. दादा म्हणाला, मग आई एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या, पंच्याहत्तरीला वेगवेगळे कशाला? तुम्ही शांतपणे म्हणालात, “काकूंची खोली आधी. बाकीचे आठ जण कुठेही मावतील.” मग मावशीला आईच्या खोलीत दिलंत आणि आम्हाला मिळतील तिथे पांगवलंत. हजारो माणसांच्या जहाजावर अशा खोल्या जेमतेम काही डझन असतात. त्यांतूनही नेमकी उजव्या हाताची शोधणारं कुणीतरी असतं, हे मला कधी सुचलंसुद्धा नसतं.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा आहे. परदेशी झेंडा लावून इथल्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांनाही तो लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. ज्यांनी ते भांडून मिळवलं त्यांचे उपकार आहेतच. पण “काकूंना फोन द्या” हे कुठल्याच कलमात नाही.

आईला तुमच्यावरून तिच्या एसटीचे कंडक्टर आठवतात. पावसाळ्यात ते गाडी थांब्यावर न थांबवता पुढे शाळेच्या फाटकापाशी आणायचे आणि तिचा पाय खाली टेकेपर्यंत घंटी द्यायचे नाहीत. काही न बोलता. त्यांचं नाव तिला कधीच कळलं नाही, पण दर दिवाळीला त्यांच्या नावाचा फराळाचा डबा डेपोत जायचा. माणसाला जे लागतं तेवढंच नेमकं करायचं आणि त्याचा गवगवा करायचा नाही, अशी माणसं तिला आयुष्यभर मधूनमधून भेटत गेली. म्हणूनच ती उभी राहिली, असं ती म्हणते.

बर्म्युडा तुम्हीच सुचवलंत. न्यू जर्सीतल्या बेयॉनहून, म्हणजे घराजवळूनच जहाज, त्यामुळे विमान नाही आणि बॅटरीची कटकटही नाही. तिकडे किंग्ज वार्फला जहाज थेट धक्क्याला लागतं, लहान बोटीचा प्रश्नच नाही. आई स्वतः स्कूटर चालवत उतरली. ब्रिटिश आरमाराच्या जुन्या गोदीत दोन मनोऱ्यांची एक इमारत आहे. एका मनोऱ्यावर नेहमीचं घड्याळ, दुसऱ्यावर भरतीची वेळ दाखवणारं. तिथे तिने नातवंडांना अर्धा तास भरती-ओहोटी शिकवली. मुलं कंटाळली, पण ती थांबली नाही.

पहिल्या रात्रीचं सांगायचं राहिलंच. जेवण झाल्यावर आम्ही सगळे तिला खोलीपर्यंत सोडायला गेलो. तिने कार्ड लावलं, मावशीने दार धरलं, ती स्कूटरसकट आत गेली, वळली, “झोपा आता” म्हणाली आणि दार बंद झालं. दादा सवयीने सीट उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला.

परवा तिचा खांदा दाखवला. व्यायाम दिलेत, सुई लागेल की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. हे तुम्हाला कळवायला तिनेच सांगितलंय. आणि तिने विचारलंय की आमच्या घरी, एडिसनला कधी येता. पुरणपोळ्या ती अजून स्वतः लाटते, उजव्या हाताने.

तुमची,
काकूंची लेक