यानांची मॉडेलं बैठकीला आणण्याआधी

सर्व सभासदांना आठवण : पुढच्या बैठकीत आपापल्या कल्पनेतल्या अंतराळयानांची लेगो मॉडेलं मांडायची आहेत. काम पूर्ण झालं नसलं तरी जरूर आणा. उघडा सांगाडा पाहून जास्त शिकायला मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

आणण्याआधी यान मधोमध धरून उचला आणि हलकेच हलवून पाहा. नाक किंवा शेपूट खाली झुकत असेल, तर कण्यात टेक्निकचे बीम (लेगोच्या टेक्निक प्रकारातल्या भोकांच्या पट्ट्या) घाला. प्रत्येक जोडाला दोन पिना (बीमच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्या) हव्यात, कारण एकाच पिनेवर बीम फिरतो. लांब पंखांचा भार नुसत्या प्लेटांवर, म्हणजे पातळ चपट्या तुकड्यांवर, टाकू नका.

बाहेरचं कवच आडव्या, म्हणजे बाजूला तोंड केलेल्या, स्टडवर (तुकड्यावरच्या गोल उंचवट्यांवर) बसवणाऱ्यांनी मापं पक्की ध्यानात ठेवावीत. प्लेट ३.२ मिमी उंच, ब्रिक (नेहमीची लेगो वीट) ९.६ मिमी, आणि शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिमी. म्हणजे पाच प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिमी, बरोबर दोन स्टडची रुंदी. हा हिशेब जुळला की पॅनेलांत फट राहत नाही.

ग्रिल टाइल (जाळीसारख्या खाचांचे चपटे तुकडे), नळ्या, डिश (बशीसारखे गोल तुकडे) यांची गर्दी इंजिनाभोवती आणि पॅनेलांमधल्या खाचांतच करा. बाकी अंग गुळगुळीत राहिलं तरच यान भव्य दिसतं.

भाग कापू किंवा चिकटवू नका. कॉकपिटची काच बसत नसेल, तर फोटो आधीच ग्रुपवर टाका, म्हणजे इतरांना आपल्याकडचे भाग सोबत आणता येतील.