तिकीट मोफत, पायरी मात्र उंचच

महोदय,

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना एसटीने मोफत प्रवास करता येतो. हा निर्णय स्वागतार्हच आहे, कारण भाड्यासाठी मुलापुढे हात न पसरता लेकीच्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात किंवा पंढरपूरला जाता येणे हे म्हातारपणी औषधाइतकेच मोलाचे असते.

मात्र तिकीट शून्य रुपयांचे झाले, तरी गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली. गाडी फलाटापासून दूर उभी राहिली, की गुडघेदुखीने बेजार झालेली आजी आधी पिशवी आत ढकलते, दोन्ही हातांनी दांडी पकडते आणि मागच्याने कोपराला आधार दिल्यावरच वर चढते. तोवर राखीव आसनावर खिडकीतून टाकलेला कुणाचा तरी रुमाल विराजमान झालेला असतो.

याहून अवघड प्रश्न स्वच्छतागृहांचा आहे. अनेक स्थानकांवर ती इतकी ओली, अंधारी आणि कमोडविना असतात, की वृद्ध स्त्रिया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भर उन्हाळ्यात, त्यातही रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असताना, असे करणे म्हणजे चक्कर येण्याला आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रणच.

नव्या गाड्या घेताना कमी उंचीच्या पायरीची अट घालावी आणि प्रत्येक स्थानकावर हातदांडी व कमोड असलेले किमान एक स्वच्छतागृह असावे. तोपर्यंत गाडी फलाटाला लागूनच उभी करण्याची सक्त सूचना चालकांना द्यावी. त्यासाठी निविदा काढण्याची गरज नाही.

एक ज्येष्ठ वाचक, सातारा