बाबांनी सल्ला देणे थांबवू नये

धारवाड

तीर्थरूप आई-बाबांस,
सादर नमस्कार.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंपसेट आणि अर्थिंगबद्दल लिहिणे बाबांनी थांबवले, असे आईकडून कळले. सल्ला ऐकून कोणाला शॉक बसला तर केस बाबांवर होईल, असे कोणीतरी सांगितले म्हणे. मला हे मुळीच पटलेले नाही. खानापूरकडच्या पावसात शिवारातल्या स्टार्टरच्या पेट्या भिजून वीज उतरते, तेव्हा आयुष्यभर वायरमनचे काम केलेल्या माणसाने गप्प बसावे, असे कोणताही कायदा सांगत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१ प्रमाणे, एखाद्याच्या हितासाठी सद्भावनेने त्याला सांगितलेली गोष्ट, तिच्यामुळे त्याला अपाय झाला तरी, गुन्हा ठरत नाही. १८६० च्या दंड संहितेत हेच कलम ९३ होते. मात्र योग्य ती काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे खरी. पण मृत्यू थेट त्याच कृतीमुळे झाला हे सिद्ध व्हावे लागते, आणि पेटी मालकाने स्वतः उघडलेली असताना ते सोपे नसते.

नुकसानभरपाईचा दावा ही वेगळी बाब आहे. ज्याला विशेष ज्ञान आहे आणि ज्याच्या शब्दावर समोरचा विसंबणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर सल्ला देतानाही काळजी घेण्याची जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९६३ च्या हेडली बर्न खटल्यात मांडले गेले. त्यात ग्राहकाच्या पतीबद्दल माहिती देणारी बँक सुटली, कारण तिने जबाबदारी घेत नसल्याचे आधीच लिहिले होते. बाबा नावाखाली ‘निवृत्त वायरमन’ लिहितात, म्हणून लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणूनच मी हे एवढे सविस्तर लिहीत आहे.

बाबा, फोटो पाहून कोणती वायर कुठे जोडायची हे मात्र सांगू नका. मोटरच्या बॉडीला लावलेली अर्थिंगची वायर फोटोत दिसते. ती खड्ड्यातल्या पाइपपाशी गंजून तुटली आहे का, हे दिसत नाही. सर्वांना लागू पडणारे सांगा: मेन स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय पेटीला हात लावू नये, ओल्या हाताने स्टार्टर दाबू नये, तुटलेल्या तारेजवळ न जाता हेस्कॉमला (वीज कंपनीला) १९१२ वर कळवावे. जागेवर जाऊन पाहिलेले नाही, दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी, हेही त्याच मजकुरात लिहा. स्वतंत्र मेसेजमध्ये लिहिले तर पुढे पाठवताना नेमके तेवढेच गळते.

ग्रुपचे ॲडमिन आहात म्हणून दुसऱ्यांच्या मजकुराची चिंता नको. केवळ ॲडमिन असल्यामुळे तसा दोष येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

आई, त्यांना पुन्हा लिहू दे. पावसाळ्याआधीच्या मेसेजची कन्नड प्रतही बाबांनी स्वतःच पाठवावी, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या भाषांतरात अट सुटणार नाही. पाठवण्यापूर्वी दोन्ही मजकूर मला दाखवा.

आपली लेक