टीव्हीच्या गोदामाला सेझ कशाला?

माननीय संपादक,

मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात मुक्त व्यापार व गोदाम क्षेत्र आणा, म्हणजे टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप करमुक्त साठवता येतील, असा सूर व्यापारी वर्तुळात अधूनमधून ऐकू येतो. हे क्षेत्र म्हणजे सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) कायदा, २००५ मधलाच एक प्रकार, ही गोष्ट मात्र सोयीने गाळली जाते. ३१ डिसेंबर २००७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना गोव्यातले सगळे सेझ रद्द करत असल्याचे जाहीर करावे लागले होते. सेझसाठी दिलेल्या जमिनींचे प्रकरण पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. तोच खेळ पुन्हा मांडायचा, तर पदरात काय पडणार हे आधी पाहावे.

‘करमुक्त’ हा शब्दच फसवा आहे. क्षेत्रातून माल म्हापशाच्या दुकानाकडे निघाला की पूर्ण आयात शुल्क भरावेच लागते. खरा लाभ होतो तो परदेशी कंपनीला, जिला स्वतःच्या नावावर इथे साठा ठेवून पुढे तिसऱ्या देशात पाठवायचा आहे. मडगाव, म्हापसा, फार तर बेळगाव-हुबळी एवढेच गिऱ्हाईक असलेल्या वितरकाला सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५८ खालचे खासगी बाँडेड गोदाम, म्हणजे शुल्क नंतर भरण्याच्या बोलीवर आयात माल ठेवायची जागा, पुरते. ते वेर्ण्याच्या शेडमध्येही चालते. २०१६ पासून अशा गोदामावर कस्टमचे कुलूप नसते, सगळा कारभार नोंदींवर चालतो. शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड (हमीपत्र), शुल्काइतका विमा, अनुभवी गोदामपाल आणि दर महिन्याचे विवरण पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, ही मुख्य पथ्ये.

आता हिशेब. १ कोटी रुपये मूल्याच्या टीव्हींवर मूळ शुल्क २० टक्के म्हणजे २० लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार २ लाख, आणि १२२ लाखांवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २१.९६ लाख. एकूण ४३.९६ लाख. बाँडमध्ये ठेवल्यास ही रक्कम माल सोडवीपर्यंत हातात राहते. पण ९० दिवसांनंतर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज लागू होते. साठा १८० दिवस पडून राहिला, तर वरच्या ९० दिवसांचे सुमारे १.६३ लाख गेले. लॅपटॉपवर मूळ शुल्कच शून्य आहे, भरलेला आयजीएसटीही क्रेडिटने (विक्रीवरच्या जीएसटीतून वळता होऊन) परत मिळतो, म्हणून लॅपटॉपसाठी बाँडचा खटाटोप सहसा परवडत नाही.

गफलत नेमकी कुठे होते? ९० दिवसांचे घड्याळ माल वेर्ण्याला उतरल्यावर सुरू होत नाही, गोदामात ठेवण्याचा कस्टमचा आदेश निघाला त्या दिवसापासून सुरू होते. न्हावा-शेवाला कंटेनर उतरवून ट्रक राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पावसात अडकला तरी ते दिवस मोजलेच जातात. माल पोहोचल्याची पोच एका महिन्यात सादर केली नाही, तर पूर्ण शुल्काची मागणी येते. गोदामात तर मॉडेल पाहून माल काढायची सवय अंगवळणी पडलेली असते. प्रत्येक बिल ऑफ एंट्रीची (कस्टमकडे भरलेल्या आयात-नोंदपत्राची) मुदत स्वतंत्र असते, त्यामुळे नवा लॉट आधी गेला की जुना मागे राहून व्याज खातो. म्हणून सीरियल नंबरांची यादी बिलनिहाय ठेवावी आणि पॅलेटवर बिल क्रमांक ठळक लिहावा.

शुल्काचा दर एक्स-बाँड बिल (गोदामातून माल सोडवण्याचे बिल) भरण्याच्या दिवशीचा लागतो, विनिमय दर मात्र सुरुवातीच्या बिलाच्या दिवशीचा. म्हणजे अर्थसंकल्पात दर वाढला तर साठ्यावरही तो वाढीव दर बसतो. अमेरिकेतल्या परकीय व्यापार क्षेत्रात माल आत येतानाच दर पक्का करून घेण्याची सोय आहे, आपल्याकडे नाही. त्या देशाचे दाखले देणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

गोव्याच्या पावसाळ्याचेही पाहायला हवे. खोकी भिंतीपासून हातभर दूर, पॅलेटवर, टीव्ही उभेच ठेवावेत. दमट हवेसाठी डिह्युमिडिफायर लागतोच. पाणी शिरून माल खराब झालाच, तर तो लगेच फेकू नये. माल सोडवण्यापूर्वी कस्टमला कळवून तपासणी करून घेतली तर कलम २२ खाली शुल्कात सूट मागता येते. मालाची चोरी झाली तर मात्र कलम २३ ची शुल्कमाफी नाही. चार्जर जोडून संच बांधणे, सुटे भाग बसवणे अशी कामे करायची असतील, तर कलम ६५ ची परवानगी वेगळी घ्यावी.

सरकारला खरोखर काही करायचे असेल, तर औद्योगिक वसाहतींमध्ये बाँडेड गोदामांसाठी भूखंड राखावेत, तिथे अखंड वीज आणि अग्निशमनाचा दाखला वेळेत मिळेल असे पाहावे, आणि मुरगाव बंदर व मोपा विमानतळावरून बाँडेड गोदामापर्यंतच्या वाहतुकीच्या अटी छोट्या वितरकांना समजतील अशा मराठी-कोंकणी पत्रकात छापून द्याव्यात.

आपला,
आयात व्यवसायाशी संबंधित एक वाचक,
वास्को