एअर फ्रायरमधला बटरनट भोपळा: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, तू फोनवर विचारलंस की एअर फ्रायरमध्ये बटरनट भोपळा नेमका कसा करायचा. बाबा, तुम्ही मागून म्हणालात की त्यात तळणं कुठे होतं, नुसती गरम हवा तर आहे. दोन्ही प्रश्नांना फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून निवांत बसून लिहिते आहे. तोंडी लावायला ही भाजी तुम्ही दोघांनी सुरू करावी असं मला फार वाटतं. ती शिजत असताना गॅससमोर उभं राहावं लागत नाही, सारखं ढवळावं लागत नाही आणि शेवटी मऊ होते, त्यामुळे दातांना त्रास नाही. कष्टाचं काम एकच, ते म्हणजे चिरणं. या पत्रात त्याबद्दलच मी जास्त लिहिणार आहे, कारण माझी काळजी तिथेच आहे.

आधी निवडण्याबद्दल. बाबा, बाजार तुम्हीच करता, म्हणून हे तुमच्यासाठी. रंग सगळीकडून सारखा, फिकट बदामी असावा. हिरव्या रेघा दिसत असतील तर तो पुरता पिकलेला नाही. साल चकचकीत नको, मंद असावी, आणि नख दाबलं तर आत रुतू नये. देठ सुकलेला पण जागेवर असावा. आकाराच्या मानाने हाताला जड लागतो तो चांगला. मान लांब आणि जाड असेल असा पाहा, कारण बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात आणि मान म्हणजे नुसता भरीव गर. तुम्हा दोघांना पाऊण ते एक किलोचा एक भोपळा पुष्कळ होतो, दोन वेळा पुरतो. आयत्या चिरलेल्या फोडी मिळाल्या तर खुशाल त्या आणा. मनगट दुखवून घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

अख्खा भोपळा फ्रीजमध्ये ठेवू नका. कोरड्या, थंड, वारा लागेल अशा जागी तो कित्येक आठवडे टिकतो. त्यामुळे आणला त्याच दिवशी चिरायची घाई नाही, ज्या दिवशी हाताला बरं वाटेल त्या दिवशी चिरा.

आता चिरण्याचं. आई, हे काम तू एकटीने करायचं नाही, एवढं माझं ऐक. साल टणक, आकार गोल, आणि तो घरंगळला की सुरी कुठेही जाते. म्हणून आधी भोपळा धुऊन पुसून घ्या. साल टाकून द्यायची असली तरी धुवायचा, कारण सुरी सालीवरची माती आत नेते. मग काट्याने सगळीकडून पाच-सहा ठिकाणी टोचा आणि मायक्रोवेव्हमध्ये दोन ते तीन मिनिटं ठेवा. टोचायचं विसरू नका, आत वाफ कोंडली तर तो फुटू शकतो. एवढ्याने भोपळा शिजत नाही, पण साल नरमते आणि सुरीला निम्माच जोर लागतो. बाहेर काढल्यावर हात लावण्याइतका निवू द्या.

पाटाखाली ओलं फडकं पसरा, म्हणजे तो सरकणार नाही. सुरी धारदारच घ्या, बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोरातच हात निसटतो. बाबा, पहिले तीन काप तुम्ही उभं राहून द्या: वरचं टोक, खालचं टोक, आणि मग मान जिथे फुगीर भागाला मिळते तिथे आडवा. आता दोन तुकडे झाले आणि दोन्हींना सपाट बूड मिळालं. तुकडा त्या बुडावर उभा ठेवा आणि सोलणीने वरून खाली साल काढा. सालीखाली फिकट हिरवट रेषा दिसतात, त्या निघून केशरी गर दिसेपर्यंत सोला. सोललेल्या भोपळ्याचा चीक हाताला लागला की बोटांवर पातळ पापुद्रा धरल्यासारखं होतं, त्वचा ओढली जाते, कुणाकुणाला खाजही सुटते. आई, तुझी त्वचा नाजूक आहे, तू पातळ हातमोजे घालूनच सोल.

फुगीर भाग मधोमध उभा चिरून चमच्याने बिया आणि तंतू खरवडून काढा. इथपर्यंत झालं की जोराचं काम संपलं. पुढच्या फोडी खुर्चीवर बसून, टेबलावर पाट ठेवून आरामात होतील. फोडी साधारण दोन सेंटिमीटरच्या करा. यापेक्षा लहान केल्या तर आक्रसून कोरड्या होतात, फार मोठ्या केल्या तर बाहेरून करपतात आणि आत कच्च्या राहतात. नेमक्या मापापेक्षा सगळ्या सारख्या असणं महत्त्वाचं.

चिरून झाल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. भोपळा गोडसर लागला पाहिजे. कडूजहर लागला तर थुंकून टाका आणि सगळाच फेकून द्या, पैसे गेले म्हणून हळहळू नका. या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं वाढतात. त्यांनी उलट्या-जुलाब होतात, आणि शिजवून ती जात नाहीत. असं क्वचितच होतं, पण मसाला घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न कधीही करू नका.

बाबा, आता तुमचा प्रश्न. तुमचं बरोबर आहे, त्यात तळणं होतच नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा वेगाने फोडींभोवती फिरवतो. कोणत्याही ओल्या पदार्थाभोवती थंड, दमट हवेचा थर असतो, वाहती हवा तो सतत हटवते, म्हणून पृष्ठभाग लवकर सुकतो. पाणी आहे तोवर फोडीची बाहेरची बाजू १०० अंशांच्या फार वर जात नाही. ते उडालं की तापमान चढतं, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास येऊ लागतो. पंख्याची भट्टी पूर्वीपासून आहे. घरगुती आकाराचा हा अवतार फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणला, तेव्हापासून एअर फ्रायर हे नाव रुळलं.

हे एवढं सांगितलं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यातूनच निघतात. फोडी फडक्याने टिपून कोरड्या करायच्या. टोपलीत एकच थर पसरायचा, अधूनमधून फटी ठेवायच्या. ढीग केला तर फोडींची वाफ तिथेच कोंडते आणि भाजी उकडल्यासारखी मऊ, पांढरट होते. जास्त असतील तर दोन घाणे करा. मीठ शेवटी घालायचं, आधी घातलं की पाणी सुटतं.

अर्धा किलो फोडींना दोन चहाचे चमचे तेल पुरे. मोठ्या भांड्यात फोडी घेऊन तेल हातानेच चोळा, प्रत्येक फोडीला चकाकी आली की झालं. दाब देऊन उडवायचे तेलाचे डबे मिळतात, ते टोपलीवर मारू नका, त्यातल्या इतर द्रव्यांचा चिकट थर बसून टोपलीचा लेप खराब होतो. तेल अगदीच वगळूही नका. या भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा आहे, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि थोडी चरबी सोबत असेल तरच ते नीट शोषलं जातं.

एअर फ्रायर २०० अंशांवर तीन मिनिटं रिकामा तापवा, मग फोडी घाला. आठ-नऊ मिनिटांनी टोपली बाहेर काढून हलवा, आई, जड वाटली तर चिमट्याने फोडी उलटल्या तरी चालतील. एकूण १५ ते १८ मिनिटं लागतात. प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा असतो, म्हणून बाराव्या मिनिटापासून डोकावत राहा. सुरीचं टोक फोडीत सहज शिरलं आणि कडा तांबूस झाल्या की बंद करा. काळ्या करू नका. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. सोनेरी-तांबूस रंगावर थांबलं की चवही सगळ्यात चांगली मिळते.

मसाल्याचं तुझं तू ठरव, आई, त्यात मी तुला काय सांगणार! फक्त इतकंच, की बारीक पूड २०० अंशांत लवकर जळते आणि सुकी पानं पंख्याने उडून कॉइलला चिकटतात. म्हणून पूड किंवा पानं तेलात कालवून मग चोळ, नाहीतर शेवटच्या तीन-चार मिनिटांत घाल. मध किंवा गूळही तेव्हाच. मला स्वतःला मीठ, मिरी आणि बाहेर काढल्यावर लिंबू, एवढंच आवडतं. भोपळा मुळात गोड असतो, भाजल्यावर आणखी गोड लागतो, आणि लिंबाने तो गोडवा उठून दिसतो.

बाबा, तुमच्या साखरेबद्दल. ही पालेभाजी नाही. कच्च्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५ कॅलरी आणि १२ ग्रॅम कर्बोदकं असतात, बटाट्यात ती १७ च्या आसपास असतात. म्हणजे भोपळा घेतलात त्या जेवणात दुसरा पिठूळ पदार्थ थोडा कमी करा, त्याच्यावर आणखी भर नको. त्याच १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. एरवी ते चांगलंच, पण मूत्रपिंडाच्या तक्रारीसाठी पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलेलं असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आठवणीने विचाराच.

यंत्राच्या बाबतीत माझ्या काही अटी आहेत. ते ओट्यावर कमरेच्या उंचीला ठेवा, वरच्या फळीवरून काढ-घाल करू नका. मागे चार बोटांहून जास्त मोकळी जागा हवी, गरम हवा तिथून बाहेर पडते. ते दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेतं, तेव्हा भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला थेट लावा, एक्स्टेन्शनच्या वायरवर नको. टोपली ओढण्याआधी ती ठेवायला शेजारी लाकडी पाट तयार ठेवा, गरम टोपली हातात धरून जागा शोधत फिरणं मला अजिबात चालणार नाही. रिकामं यंत्र तापवताना आत भाजायचा कागद घालू नका, तो उडून कॉइलला लागला तर पेट घेतो. टोपली निवल्यावर कोमट साबणपाण्याने मऊ स्पंजने धुवा, तारेच्या काथ्याने लेप जातो.

बिया टाकू नका. तंतू धुऊन काढा, बिया पूर्ण सुकवा, किंचित तेल लावून १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा, मध्ये दोनदा हलवा. बाबांना चघळायला आवडतील. आई, तुझ्या दातांना त्या कडक जातील, तू राहू दे.

उरलेल्या भाजलेल्या फोडी डब्यात घालून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना पुन्हा एअर फ्रायरच वापरा, १८० अंशांवर तीन-चार मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये त्या लिबलिबीत होतात. कच्च्या फोडीही झाकून फ्रीजमध्ये चार दिवस राहतात, म्हणजे एकदा बाबांनी चिरून दिलं की दुसऱ्या वेळी सुरीला हातच लावायला नको.

पहिल्यांदा कराल तेव्हा किती मिनिटांना तांबूस झाल्या ते या पत्राच्या मागे लिहून ठेवा आणि मलाही कळवा. यंत्र जास्त तापत असेल तर १९० अंशांवर करायला सांगेन. आणि आई, मनगटाला मलम लावतेस ना, तेही कळव.

तुमची लेक