खरं लिहिणाऱ्या उमेदवाराला नियम आधी कळू द्या : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी शिकवतो. मैदानी झाली, लेखी निघाली, तरी त्यांचा जीव टांगणीला असतो तो चारित्र्य पडताळणीपायी. त्यासाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, म्हणजे साक्षांकन नमुन्यात, विचारलेलं असतं : अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, शिक्षा वा दंड झाला होता का. माहिती दडवली तर अपात्र ठराल, अशी ताकीदही असते.

असाच एक मुलगा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. कॉलेजात असताना गांजा ओढताना सापडला होता. कोर्टात कबूल केलं, दंड भरला, विषय संपला असं घरच्यांना वाटलं. बाकी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलेला, तेवढाच रकाना कोरा. झेरॉक्सच्या दुकानात सल्ला मिळाला होता, "नाही लिहून टाक, कोण बघतंय!" मी त्याला खरं लिहायला लावलं. पण "सर, मग माझं काय होईल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग खटल्यात याची दिशा दाखवली आहे. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यावीच लागते असं नाही, पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार सरकारचा. पण किरकोळ गुन्हा, कोवळं वय यांचा विचार व्हावा, आणि फॉर्ममधला प्रश्न मोघम नसावा. हे वकिलांना ठाऊक आहे. रकान्यापुढे पेन धरून बसलेल्या पोराला नाही.

नशेबाबत सूट मागायला हे पत्र लिहीत नाही. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला. अशा छाप्याला जाणारा शिपाई स्वतःच नशेत अडकलेला असेल, तर छाप्याची खबर आधीच फुटेल. आज नशा करणाऱ्याला वर्दी नकोच. पण जुनी गोष्ट दडवून आत आलेला माणूसही तितकाच धोक्याचा. ती गोष्ट ज्याला माहीत, त्याच्या मुठीत तो कायमचा राहतो. साहेबांपुढे सगळं उघड करून आलेल्याला धमकवायला कुणाकडे काय उरतं?

अमेरिकेत गोपनीय कामासाठी सुरक्षा मंजुरी देताना हाच विचार करतात. मागच्या 7 वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतले का, असं त्यांचा फॉर्म स्पष्ट विचारतो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरणार नाही, हेही तिथेच छापलेलं असतं. सध्या नशा करणाऱ्याला कायद्यानेच मंजुरी मिळत नाही. जुन्या सेवनाबाबत मात्र किती वर्षं झाली, किती वेळा घेतलं, सवय सुटली का, हे पाहतात. आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथे वेगळा गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत कैदेचा.

आपल्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यातही कलम 64अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कायद्याने एवढं मन मोठं केलं आहे. मग उपचार पूर्ण करून सावरलेल्या मुलाला ते अभिमानाने लिहिता येईल, असा रकाना आपल्या फॉर्ममध्ये का नसावा?

साहेब, पुढच्या भरतीच्या जाहिरातीसोबतच एक पान मराठीत द्या. कुठला गुन्हा कायम अपात्र ठरवतो, सेवनाच्या जुन्या प्रकरणात काय तपासलं जातं, निर्णय कोण घेतं, किती दिवसांत घेतं आणि दाद कुठे मागायची, एवढं त्यावर असू द्या. चूक लक्षात आल्यावर, कुणी पकडण्याआधी, स्वतःहून दुरुस्ती करायला मुदतही द्या. त्यानंतर जो दडवेल त्याला खुशाल घरी पाठवा. मीच माझ्या मुलांना तसं सांगेन.

तो मुलगा अजून रोज पहाटे मैदानावर येतो. त्याच्या पडताळणीचा निकाल अजून आलेला नाही.

आपला विश्वासू,
पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण देणारा एक शिक्षक,
जि. सातारा