लाल बुचाची बाटली मागण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोतीबिंदू तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर नेमाने येतात, हे चांगलेच आहे. मोतीबिंदूला थेंब नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते, हे आता वाडीवाडीतल्या आज्यांनाही पाठ झाले आहे. पण शिबिराला न जाता सरळ माझ्या काउंटरवर येणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याबद्दल लिहावेसे वाटले. देवगड तालुक्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे. मासळीचा लिलाव आटोपून येणारे खलाशी, कलमांवर फवारणी करणारे गडी, शाळकरी पोरे, सगळे येतात. डोळ्याची तक्रार असली की बोलणे ठरलेले: "वयनी, डोळे इलेत. ती लाल बुचाची बाटली व्हयी."

बुचाचा रंग कंपनीगणिक बदलतो. लोकांच्या लक्षात राहते ती कधीतरी शेजाऱ्याला "एका दिवसात गुण" देऊन गेलेली बाटली. त्या बाटलीत बहुतेक वेळा अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड असते. स्टिरॉइड सूज आणि लाली झटकन उतरवते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. लाली कशामुळे आली होती, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. मी चिठ्ठीशिवाय ही बाटली देत नाही. औषध परिशिष्ट 'एच' मधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे आहे, लेबलवर लाल उभी रेघ असते, ती शोभेसाठी छापलेली नसते. त्यावरून माझ्याशी भांडून लोक पुढच्या दुकानात जातात, आणि तिथे ती मिळते. हे पत्र माझ्या व्यवसायबंधूंनाही आवडणार नाही, याची कल्पना आहे.

आता कापणी तोंडावर आली आहे, म्हणून आधी भाताचे सांगते. कापताना, झोडताना भाताचे पाते किंवा तूस डोळ्याला लागते. काळ्या बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा खरचटतो. तेव्हा थोडे पाणी येते, खुपते, माणूस डोळा चोळतो आणि कामाला लागतो. पात्यावरची बुरशी त्या खरचटीत शिरते आणि काही दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, नीट पाहिले तर बुबुळावर करडा-पांढरा ठिपका दिसतो. अशा डोळ्यात स्टिरॉइडचा थेंब पडला की ठणका कमी होतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते, कारण तिच्याशी लढणारी शरीराची यंत्रणाच स्टिरॉइडने दाबून ठेवलेली असते. मग रुग्ण आठवडाभराने डॉक्टरांकडे पोचतो तेव्हा ठिपक्याची जखम झालेली असते. बुरशीवर नॅटामायसिनचे थेंब आहेत, पण ते सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. डोळा वाचला तरी बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहू शकते, आणि ते मध्यभागी असले तर दिसणे गेलेच. पाते, काटा, काडी, झाडावरून पडलेली धूळ, काहीही लागल्यानंतर डोळा लाल झाला तर दुकानात येऊच नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि त्याच दिवशी जा. कापणीला साधा पारदर्शक चष्मा लावला तर लोक हसतील. हसू देत.

साधे डोळे येणे वेगळे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती तेव्हा सगळ्यांनीच ते पाहिले. एक डोळा लाल होतो, एकदोन दिवसांत दुसरा, सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखे टोचते. पण पापण्यांची उघडझाप करून चिपाड बाजूला केले की नीट दिसते आणि असह्य ठणका नसतो. साथीतले डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. अँटिबायोटिकने ते लवकर बरे होत नाहीत. थंड पाण्याच्या घड्या, स्वच्छ कापसाने पापण्या पुसणे, टॉवेल-उशी वेगळी, हात साबणाने धुणे, एवढे पुरते. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. नुसत्या बघण्याने डोळे येतात ही समजूत तर सुशिक्षितांतही आहे. पसरते ते हातांनी आणि टॉवेलने. तान्ह्या बाळाचा डोळा चिकटत असेल तर मात्र आईचे दूध घालत बसू नये, बाळाला लगेच दाखवावे.

एकाच डोळ्यात जोराचा ठणका, धुरकट दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये, अर्धे डोके दुखणे आणि उलटी, असे एकदम झाले तर ते पित्त नव्हे. डोळ्यातला दाब अचानक चढल्याचे ते लक्षण आहे. या काचबिंदूत काही तासांतसुद्धा नजरेची नस दुखावते, आणि गेलेली नजर परत येत नाही. याच काचबिंदूचा सावकाश वाढणारा प्रकार काहीच दुखवत नाही, म्हणून जास्त फसवा. त्याचे थेंब कायम घालावे लागतात. माझ्याकडचे काही नेहमीचे गिऱ्हाईक बाटली संपली की महिना-दोन महिने फिरकत नाहीत, कारण "आता बरा दिसता". बरे दिसते ते थेंबांमुळे राखलेले असते. आईवडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब तपासून घ्यावाच. मुलांच्या डोळ्यांना उन्हाळ्यात ॲलर्जीने खाज सुटते, आणि आई तीच लाल बुचाची बाटली महिनोन्महिने घालते, तेव्हाही दाब असाच चढू शकतो.

गणपतीला मुंबईहून आलेल्या एका मुलीने कॉन्टॅक्ट लेन्स विहिरीच्या पाण्याने धुतल्या होत्या. डोळा लाल झाल्यावर तिने माझ्याकडे थेंब मागितले, मी तिला थेट तालुक्याला पाठवली. लेन्स पाण्याला, कुठल्याही पाण्याला, लावायच्या नसतात. पाण्यात राहणारा एक सूक्ष्मजीव बुबुळाला चिकटतो आणि त्याला घालवायला महिने लागतात.

पानाचा चुना डोळ्यात उडाला किंवा फवारणीचे औषध गेले, तर आधी पाणी. नळाखाली, तांब्याने, जमेल तसे, पापणी उलटी करून अर्धा तास पाणी ओतत राहा, चुन्याचे कण असतील तर ओल्या कापडाच्या टोकाने काढा आणि मग रुग्णालय गाठा. आधी रिक्षा शोधायला धावाल तर तेवढ्या वेळात चुना आत आत खात जातो.

कानाची कथाही बाटलीचीच. पावसाळा सरता सरता कानात खाज, दडा बसल्यासारखे वाटणे, आत काळसर किंवा ओल्या कागदासारखा पांढरा थर, अशा तक्रारी वाढतात. कोंडीत डुंबून आलेली पोरे असतात, आणि काडेपेटीची काडी, केसातली पिन, चावी घालून कान कोरणारे मोठेही असतात. हीदेखील बुरशी. कोरून त्वचा सोलते, दमट हवेत तिला घर मिळते. तिच्यावर अँटिबायोटिकचे थेंब घातले तर जिवाणू मरतात आणि बुरशीचे फावते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी यंत्राने थर काढून बुरशीचे थेंब दिले आणि कान कोरडा ठेवला तरच ती जाते. घरोघरी मात्र लसूण घालून कोमट केलेले खोबरेल ओततात. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ मधल्या कानात उतरते. पडदा शाबूत असेल तर उलट प्रकार. तेव्हा वरून ओतलेले कुठलेच औषध पडद्यापलीकडे जात नाही, म्हणून सर्दीनंतर मूल रात्री कान धरून रडते त्याला थेंबाचा उपयोग नाही. त्याला वजनाप्रमाणे वेदनाशामक द्यावे आणि सकाळी दाखवावे.

तेलाची बाजू घ्यायची एकच जागा आहे. जिवंत किडा कानात शिरून फडफडत असेल आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल तर दोन थेंब कोमट तेलाने तो मरतो. मेलेला किडा मात्र डॉक्टरांनीच काढावा, घरी चिमटा घालू नये. कानात चिंचोका किंवा वाटाणा गेला असेल तर पाणी-तेल काहीच नको, तो फुगतो. घड्याळातला बटण-सेल गेला असेल तर तासाभराचीही वाट पाहू नये.

"कान फुटलो हा, लहानपणापासून वाहता" असे सांगणारे बरेच असतात, जणू ती अंगावरची जन्मखूणच. दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण दुर्गंधीचा स्राव, चक्कर, किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे, यातले काही सुरू झाले तर रोग हाडापर्यंत पोचलेला असू शकतो. शिवाय पडद्याला भोक असलेल्या कानात जेंटामायसिन-निओमायसिनचे थेंब दीर्घकाळ पडले तर आतल्या नसेलाच बाधा होऊ शकते. आणखी एक: रात्री ठीक होते आणि सकाळी एका कानाने ऐकूच येत नाही, असे झाले तर मळाचे थेंब घालून आठवडाभर थांबू नका. तो मळ नसेल तर उपचाराला फार थोडे दिवस हातात असतात.

मी प्रत्येक थेंबाच्या खोक्यावर पेनाने लिहून देते, "उघडली ता." आणि पुढे जागा सोडते. बाटली उघडल्यापासून महिन्याने टाकायची, अर्धी राहिली तरी. कानाच्या बाटल्या डोळ्यांच्या बाटल्यांसारख्याच दिसतात आणि कपाटात शेजारी शेजारी पडतात. मळ सुटवायचे थेंब डोळ्यात गेले की चांगलीच आग होते. फ्रिजमधली बाटली थेट कानात घातली तर चक्कर येते, आधी मुठीत धरून कोमट करावी.

माझी विनंती साधी आहे. ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ जिल्ह्यात कुठे, कधी भेटतात, हे आरोग्य विभागाकडून घेऊन कापणी सुरू होण्यापूर्वी आपल्या जिल्हा पानावर छापावे. लोक बाटली मागतात कारण बाटली कुठे मिळते ते त्यांना माहीत असते, डॉक्टर कुठल्या दिवशी असतो ते माहीत नसते. आपण छापलेत तर कात्रण माझ्या काउंटरच्या काचेवर लागेल.

आपली,
एक औषधविक्रेती
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)